पत्र्याखालचा कापूस

"अगं बाई, छत काढतोय! पोटचा पोरगा माझ्या डोक्यावरचं छत काढतोय, बघा गं कुणीतरी!"

सासूबाईंच्या अंगात एवढा आवाज शिल्लक असेल, असं मला वाटलं नव्हतं. एरवी पाणी मागायचं तरी मध्ये दोनदा थांबायच्या. सकाळीच आम्ही त्यांना खाटेसकट उचलून शेजारच्या इस्त्रीवाल्या वहिनींच्या दुकानात नेऊन ठेवलं होतं, आणि तिथून, चुरगळलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांमधून, आमच्या दाराकडे बोट दाखवत त्या गल्लीला हाका मारत होत्या.

दारात मी उभी होते. कुणालाही आत सोडायचं नाही, असं आमच्या ह्यांनी बजावलं होतं. हे आत होते, पण हे म्हणजे हेच, असं सांगितल्याशिवाय कुणाला पटलं नसतं. लांब बाह्यांचा शर्ट, गळ्याशी आणि मनगटाशी मीच मशीनवर इलास्टिक मारून आवळलेला. डोक्याला टोपी, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, नाकातोंडावर मास्क. दाढी असली की मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही म्हणून इतक्या वर्षांची दाढीमिशी सकाळीच सफाचट केलेली. पाठीवर झाडांना औषध मारायचा पंप. स्टुलावर उभे राहून छताच्या प्लायवूडच्या फटीतून ते पाण्याचा फवारा सोडत, थांबत, पुन्हा सोडत. वरचं सगळं चिंब झालं की एकेक फळी सैल करायची, वरचा पांढरा थर अलगद खाली घ्यायचा, पोत्यात घालायचा, पोत्याचं तोंड बांधायचं. आपटायचं नाही, झटकायचं नाही. तान्ह्या पोराला आंघोळ घालावी तसं चाललं होतं.

"का गं, काय झालं एवढं?" वहिनींनी इस्त्री उभी ठेवून मला विचारलं.

"काही नाही. मला नकोय ते छत."

"तुला नकोय? अगं, अख्ख्या गल्लीत एवढी गार खोली दुसरी नाही!"

"कचरा पडतो. झाडून झाडून माझी कंबर गेली."

सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांनी ऐकावं म्हणूनच तर बोलले होते मी. "ऐकलंत?" त्या वहिनींना म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं? हिचंच हे कारस्थान. माझा पोरगा म्हणजे गरीब गाय, ही दावं ओढेल तिकडे जातो."

एरवी एका शब्दाला मी चार लावले असते. आमची सासूसुनेची जुगलबंदी गल्लीला तोंडपाठ आहे. त्या दिवशी मात्र मी दाताखाली जीभ धरली. खरं काय ते मला माहीत होतं आणि आतल्या मास्कवाल्या माणसाला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला ते सांगायची त्याच्यात ताकद नव्हती.

आमचे हे भट्टीला अस्तर लावतात. मी शिवणकाम करते. मी कोटाला अस्तर लावते, हे भट्टीला, असा आमच्या घरातला जुना विनोद आहे. विनोद माझाच. हे आपले नुसते मिशीत हसणार. ह्यांना बोलणं जणू रेशनवर मिळतं.

भट्टी म्हणजे लोखंडाचे भाग लालबुंद तापवायची खोलीच असते, माणूस आत उभा राहील एवढी. तिच्या भिंतींना आतून पिना असतात. त्या पिनांवर पांढऱ्या गुबगुबीत कापसाच्या गाद्या अडकवायच्या, थरावर थर, कुठे फट राहू द्यायची नाही. त्या कापसाला सिरॅमिक फायबर म्हणतात, पण कारखान्यात सगळे कापूसच म्हणतात. दिसायला कापूस, हाताला कापूस, फक्त जळत नाही. आणि खाजवतो. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांचे कामाचे कपडे धुतले तेव्हा कोपरापर्यंत माझे हात लाल झाले होते. "अंगावर काय आणता हो, खाजकुयली?" मी विचारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून हे हवा मारून यायला लागले. तिथे सगळेच मारायचे. सुट्टी झाली की मशीन साफ करायचा हवेचा पाइप घ्यायचा आणि एकमेकांच्या पाठीवर, डोक्यावर, खिशात सोडायचा. भुकटी भुरभुर उडायची, हशा व्हायचा, आणि माणूस चकाचक होऊन घरी निघायचा. ती त्यांची आंघोळच होती म्हणा ना.

हा कापूसही जन्माला पुरत नाही. आगीकडची बाजू वर्षानुवर्षं तापून कुरकुरीत होते, बोटांत चुरली की पीठ. मग तो जुना ओरबाडून काढायचा आणि नवा लावायचा. ह्यांचं निम्मं आयुष्य लावण्यात गेलं, निम्मं ओरबाडण्यात.

सासूबाई आमच्याकडे आल्या त्या मांडीचं हाड मोडून. हाड जुळलं, पण खाट सुटली नाही. त्यांना मागची खोली दिली. दुसरी होती कुठे? मागची खोली म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. माझं शिवणयंत्र तिथेच असायचं आणि उन्हाळ्यात दुपारी ते तसंच टाकून मी पळायचे. वहिनी म्हणायच्या, "इस्त्री कशाला तापवू, तुझ्या पत्र्यावरच कपडे पसरते." पण सासूबाई कुठे पळणार? पहिल्या दुपारी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हे जेवायला बसले होते, तेव्हा आतून आवाज आला, "लेका, तुझ्या भट्टीतच नेऊन ठेव मला. निदान लवकर तरी सुटेन."

ह्यांचा घास हातातच राहिला. जेवण आटोपून ते मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ वर पत्र्याकडे बघत उभे राहिले. बाहेर येऊन मला म्हणाले, "आग आत अडवता येते, तर बाहेर का नाही अडवता येणार?"

ह्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य आलं की समजावं, गडी आता ऐकत नाही.

नवा कापूस मोजून मिळतो, त्याला हात लावायची सोय नव्हती. पण नेमका त्याच आठवड्यात मोठ्या भट्टीचा जुना कापूस काढला होता. "नाहीतरी फेकायचाच आहे, ने की," फोरमन म्हणाला. हे टेम्पोत पोती भरून घेऊन आले. मागच्या अंगणात बसून, उघड्या हातांनी, कुरकुरीत झालेला भाग सोलून सोलून टाकला आणि मऊ राहिलेला बाजूला काढला. पत्र्याखाली प्लायवूड ठोकलं आणि मधल्या जागेत थरावर थर दाबून बसवले. काम करताना हे शीळ घालत होते. इतक्या वर्षांत मी ह्यांची शीळ ऐकली ती तेवढीच.

आणि काय सांगू, खोली खरंच गार झाली. भर दुपारी बाहेर पाय ठेवता येत नसायचा आणि आत सासूबाई अंगावर चादर ओढून निजलेल्या. त्यांचा तोरा तर बघायलाच नको. दूधवाला आला, मीटर बघणारा आला, कुणीही आलं की, "या, आत बसा जरा. माझ्या लेकानं बांधलीय ही खोली." वहिनी दुपारी इस्त्री बंद करून तिथेच येऊन लवंडायच्या. माझं यंत्रही पुन्हा आत गेलं. आयुष्यभर त्या माउलीनं दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी केली. स्वतःच्या नावावर मिरवावं असं काही मिळालं, तर ते हे छत.

फक्त भुकटी पडायची. वारा सुटला, मांजर पत्र्यावरून पळालं, की प्लायवूडच्या फटींतून पांढरं काहीतरी भुरभुरायचं. चादरीवर, उशीवर, पाण्याच्या भांड्यावरच्या झाकणावर. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की हवेत नुसतं चमचम चमचम. "किती छान दिसतं गं," सासूबाई झोपल्या झोपल्या बघत राहायच्या. मी कुरकुर करत झाडू फिरवायचे तर म्हणायच्या, "असू दे. माझ्या लेकाच्या कामाची भुकटी आहे. तुझ्या चिंध्यांपेक्षा बरी."

"हो, तर! आरतीच करा तिची," मी म्हणायचे.

खोकला कधी सुरू झाला, ते मला नेमकं सांगता येणार नाही. म्हातारं माणूस खोकायचंच, असं धरून चाललो. मग खोकला थांबेना. मग उठून बसवलं तरी धाप, बोलताना धाप, नुसतं पडून राहिलं तरी धाप. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला, उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "चुलीवर स्वयंपाक केलाय का यांनी?"

"जन्मभर," मी म्हणाले.

"मग तेही असेल. वय आहे. हवाही खराब आहे." त्यांनी वाफेचं औषध लिहून दिलं.

पुढचं मला ह्यांच्याकडूनच कळलं. त्या दिवशी हे जेवढं बोलले, तेवढं लग्नाला इतकी वर्षं झाली तरी एका बैठकीत बोलले नव्हते.

कारखान्यात कापूस पुरवणाऱ्या कंपनीचा एक माणूस आला होता, सुरक्षिततेचं शिक्षण द्यायला. सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं, चहा-बिस्किटं दिली, पडद्यावर चित्रं दाखवली. तो माणूस भला होता, असं हे म्हणाले. नीट, साध्या भाषेत सांगत होता. या कापसाचे तुकडे डोळ्याला न दिसणारे, सुईसारखे, श्वासातून आत जातात. नवा लावताना काळजी घ्याच, पण खरा धोका जुना काढताना. खूप तापलेला कापूस आतून बदलतो, त्याची जी भुकटी होते ती छातीत गेली की बाहेर येत नाही. म्हणून काढायच्या आधी पाणी मारायचं, भिजवून काढायचा, लगेच पोत्यात बंद करायचा. घट्ट बसणारा मास्क घालायचा. कोरडा झाडू मारायचा नाही. आणि अंगावर हवा तर मारायचीच नाही, कपडे घरी न्यायचे नाहीत.

हवेचं ऐकून सगळे एकमेकांकडे बघून हसले म्हणे. हे हसले नाहीत. ह्यांनी हात वर केला. शाळेतसुद्धा ज्यानं कधी हात वर केला नसेल, त्या माणसानं.

"घरात लावला असेल तर?" ह्यांनी विचारलं.

कँटीनमध्ये हशा पिकला. "घरात भट्टी टाकली का रे?" फोरमनच ओरडला. ज्यानं 'ने की' म्हटलं होतं, तोच. तो शिकवणारा माणूसही हसला. मग म्हणाला, "नाही हो, घरात कशाला लावाल? आणि जुना तर चुकूनसुद्धा नको."

त्यानंतर सगळ्यांना मास्क वाटले, मास्क घालून रांगेत उभं करून फोटो काढला, आणि मास्क परत गोळा करून स्टोअरमध्ये जमा केले. ह्यांनी आपला दिला नाही. खिशात घातला.

हे मला सांगत होते तेव्हा आतल्या खोलीत सासूबाई खोकत होत्या. प्रत्येक खोकल्याला ह्यांचे खांदे आवळले जायचे. "मी तिच्या तोंडावर रोज..." मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही रडले नाहीत. नुसते तळहात बघत बसले.

"डॉक्टर म्हणाले ना, चुलीचा धूर असेल?" मी म्हणाले.

"असेलही."

"मग?"

"मग काय? नसेलही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. ह्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला कापसाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "याच्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. याच्यामुळे नाही, असंही म्हणू शकत नाही. आधीच अधू झालेली छाती आहे. काढून टाका, ते बरंच होईल."

"काढल्यावर कमी होईल?" ह्यांनी विचारलं.

"नवीन जाणार नाही. आत गेलेलं काढायला आपल्याकडे काही नाही."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी गत. दोष आहे म्हणावं तर कुणी म्हणत नाही, नाही म्हणावं तर कुणी म्हणत नाही. घरी येताना वाटभर हे एकच बोलत होते, "आईला मी सांगतो. मीच सांगतो." घरी आलो. हे खाटेजवळ गेले. सासूबाईंनी ह्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाहेर ऊन किती आहे रे! बस इथं गारव्याला." हे तसेच खाली बसले. त्यांच्याच्यानं एक शब्द निघाला नाही.

म्हणून मग मी बोलले. "आई, हे छत रविवारी काढायचंय. मला कचरा नकोय." वाटलं, माझं काय जातंय? तशीही मी वाईटच आहे. वाइटात आणखी थोडी भर. लेकावरची त्यांची माया तरी शाबूत राहील, असा माझा हिशोब.

तर तो हा रविवार. दुपार टळेपर्यंत हे आत खपले. सगळं उतरवलं, भिंती ओल्या फडक्यानं पुसल्या, फरशी पुसली, फडकी पोत्यात, चादरी आणि उशीही पोत्यात. पोती कारखान्यात नेऊन टाकायला टेम्पो सांगितला. मागच्या मोरीत अंगावर पाणी घेऊन, मास्क काढून हे बाहेर आले. तुळतुळीत चेहरा, नाकावर मास्कचा लाल वळ. वहिनींच्या दुकानात जाऊन खाटेपाशी उभे राहिले.

"आई, चल घरी."

सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कोण रे? माझा पोरगा कुठंय?"

"मीच आई."

"दाढी कुठंय?" मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "दाढीपण नको झाली का गं तुला?"

वहिनी फिस्सकन हसल्या. मीही हसले. काय करणार? आगीतून उठून फुफाट्यात पडलेल्या माणसाला हसायला कारण लागत नाही.

फुफाटाच होता तो. दुसऱ्या दिवसापासून पत्रा पुन्हा पूर्वीसारखा ओकायला लागला. आम्ही टेबलफॅन लावला तर तो गरमच हवा फेकायचा. ओली चादर बांधली, ती वाळून कडक व्हायची. पुढच्या खोलीत खाट आणावी तर रस्त्याची धूळ आणि गाड्यांचा धूर, डॉक्टरांनीच नको म्हटलेलं. नव्यानं काही बसवावं म्हटलं तर ह्यांचा कशावरच भरवसा उरला नव्हता. दुकानदारानं छताला लावायची कुठलीही लादी दाखवली की हे ती नखानं खरवडून बघायचे आणि परत ठेवायचे.

कारखान्यात त्याच सुमाराला दुसऱ्या भट्टीचा जुना कापूस काढायला आला. ह्यांनी फोरमनला म्हटलं, पाणी मारूया. फोरमन म्हणाला, साहेबांना विचार. साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण पाणी मारलं की भट्टी वाळवण्यात वेळ जातो, आणि ऑर्डर थांबलीय. या वेळी कोरडंच काढा, पुढच्या वेळी बघू." सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले आणि कोरडंच ओरबाडलं. ह्यांनी आपला तो एकुलता एक मास्क घातला. वापरून वापरून तो चोंदला, तेव्हा स्टोअरमध्ये दुसरा मागितला. तर म्हणे, तपासणीवाले येतील तेव्हा निघतील. मुकी बिचारी कुणीही हाका, दुसरं काय!

"सोडा ना ते काम," मी म्हणाले.

"आणि काय करू? मला दुसरं काय येतं?"

घरी येताना आता हे हवा मारत नाहीत. तिथेच कपडे बदलतात, पिशवीत बांधून आणतात आणि स्वतः भिजवतात, मला हात लावू देत नाहीत. बाकीचे अजून मारतात. ह्यांना चिडवतात, सोवळं पाळतोय म्हणून.

सासूबाईंची धाप वाढतच गेली. बोलायला त्रास व्हायचा, तरी येईल त्याला सांगायच्या, "माझ्या लेकानं... केवढी गार... खोली केली होती. हिनं... काढायला लावली." लोक माझ्याकडे बघायचे. मी यंत्रावर खाली मान घालून शिवत राहायचे. ह्यांना मात्र ते सोसेना. मला म्हणाले, "तुझ्यावर का? मी सांगणार आहे आज."

"आता कशाला? जाऊ द्या."

"नाही. तिला कळू दे. तिनं मला मारावं हवं तर."

त्या सकाळी सुट्टी होती. हे खाटेच्या पायाशी बसले, आईचे पाय मांडीवर घेतले. मी दाराआडून ऐकत होते.

"आई, ऐक. छत हिनं नाही काढायला लावलं. मी काढलं. मी जे लावलं होतं ना, तेच वाईट होतं. भट्टीतला जुना माल होता तो. त्याची भुकटी छातीत जाते. तुझा हा खोकला... माझ्यामुळे असेल, आई. मला माहीत नव्हतं गं. शप्पथ, माहीत नव्हतं."

एका दमात बोलले. मी पदर तोंडात धरला. आता त्या काय म्हणतात, रडतात, शिव्या देतात, की हात फिरवतात तोंडावरून? काहीही चाललं असतं. ह्यांना काहीही पुरलं असतं.

सासूबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. मग चक्क हसल्या.

"तू लावलंस ना?"

"हो."

"मग वाईट... कसं असेल?"

"आई, खरं सांगतोय..."

"बायकोला वाचवायला... खोटं बोलतोस." त्यांनी पायानंच ह्यांच्या मांडीला हलकेच ढुसणी दिली. "शिकलास रे... लेका. तुझा बाप कधी... नाही बोलला माझ्यासाठी." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

माफी मागायला गेलेल्या माणसाला शाबासकी मिळाली, आता त्यानं काय करायचं? चांगुलपणा करायला गेले मी, आणि ह्यांची एकुलती एक वाट मीच बुजवून बसले. मी आत जाऊन, "आई, ते खरं बोलतायत हो," म्हणाले. त्यांनी हात नुसता झटकला. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

थोड्या वेळानं हे उठले. अंगणातून शिडी लावली, रिकामी पोती घेऊन पत्र्यावर चढले आणि पत्राभर अंथरली. मग खालच्या टाकीतून बादली भरायची, शिडीवरून वर न्यायची, पोत्यांवर ओतायची, पुन्हा खाली. ऊन मी म्हणत होतं. खालून मला त्यांची पावलं ऐकू येत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी पडलं की पत्रा चुर्र करायचा.

"वर... कोण चालतंय?" सासूबाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"तुमचा लेक."

"काय करतोय... उन्हात?"

"पत्र्यावर पाणी मारतोय. तुम्हाला गार वाटावं म्हणून."

त्या ऐकत राहिल्या. पावलं, बादली, पाणी. परत पावलं. ओठ सुकले होते, मी चमच्यानं पाणी दिलं, ते गालावरून ओघळलं.

"त्याला म्हणावं... गार वाटतंय."

साफ खोटं. माझा ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता, त्यांच्या कपाळावर हात ठेववत नव्हता. गार कसलं डोंबलाचं! मी तशीच बसून राहिले.

"जा ना. सांग. उतरेल तरी... खाली. पाय भाजतील... पोराचे."

मी अंगणात गेले. हे पत्र्याच्या कडेला रिकामी बादली घेऊन उभे होते. दाढीचे खुंट आले होते, त्यातून घाम गळत होता.

"अहो!" मी ओरडले. "आई म्हणतायत, गार वाटतंय!"

"काय?"

"गार वाटतंय म्हणतायत!"

ह्यांनी ते ऐकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्यांचा चेहरा सैल झाला. "खरंच?" असं विचारलं, लहान पोरानं विचारावं तसं. मी मान हलवली. मला वाटलं, आता उतरतील. तर म्हणाले, "मग अजून मारतो," आणि बादली घेऊन झरझर शिडी उतरून टाकीकडे गेले.

मी आत आले. सासूबाईंचं तोंड छताकडे होतं. मघाशी चाललेली छातीची ती घरघर थांबली होती, आणि ती थांबल्यामुळे खोली एकदम मोठी वाटायला लागली. मी हाक मारली. नाकाशी बोट धरलं. हात हातात घेतला. गेल्या होत्या.

शिडीवर ह्यांचं पाऊल वाजलं. भरल्या बादलीची कडी करकरत वर चालली होती. दारात जाऊन हाक मारायला हवी होती, तोंडापर्यंत आली होती हाक. पण म्हटलं, एवढी बादली होऊ दे. मी उशी सरळ केली, त्यांच्या अंगावरची चादर नीट केली आणि खाटेशेजारी जमिनीवर बसले. वर पाणी पडत होतं.